खिडकीशी थांबणारा घोडा

भिंत

झुल्मा : ...नुसत्या पाण्यानं नाही निघायचं ते. टर्पेंटाइन आणलंय मी. हो बाजूला.

वाल्देमार : राहू द्या, दोन्या झुल्मा. ऊन बघा किती चढलंय.

झुल्मा : जानेवारीच्या उन्हाळ्यात ऊन नाही चढणार तर काय बर्फ पडणार? बादली सरकव इकडे.

वाल्देमार : लोक बघतायत.

झुल्मा : बघू देत. डोळे दिलेत देवानं.

वाल्देमार : मिर्तानं बेकरीचं शटर ओढलं मघाशी. मी कोपऱ्यावर दिसलो म्हणून. भरसकाळी.

झुल्मा : मिर्ता मूर्ख आहे.

वाल्देमार : करपलेला पाव बाजूला काढून ठेवायची माझ्यासाठी. मला करपलेलाच आवडतो. सहा तारखेच्या शर्यतीपर्यंत ठेवायची... ते जाऊ दे. तुम्ही पहिल्याच, एवढ्या दिवसांत ह्या दारात आलेल्या.

झुल्मा : असं बोलू नकोस.

वाल्देमार : खरं तेच बोलतोय. आभार मानायला नकोत?

झुल्मा : नको म्हटलं ना! आभार-बिभार अजिबात नकोत. हा मेला रंग... पुसावं तर पसरतोय. आधी नुसतं 'विकाऊ' लिहिलेलं होतं, आता अख्खी भिंत विकाऊ.

वाल्देमार : चांगला रंग आहे. तेलाचा.

झुल्मा : असेल.

वाल्देमार : बॅनरचा ना?

झुल्मा : कुठल्या बॅनरचा?

वाल्देमार : तुमच्या. 'रेमेन्दादो, अख्खी गल्ली तुझ्या पाठीवर.' जॉकीच्या सदऱ्यासारखा हिरवा दुकानात मिळेना, म्हणून दोन डबे मिसळून घरी केलात. ढवळायला मीच होतो. असा हिरवा सगळ्या मोन्तेविदेओत दुसरा नसेल.

झुल्मा : ब्रश माझ्या हातात नव्हता, वाल्दे.

वाल्देमार : बरं.

झुल्मा : बरं काय? ...डबा मी दिला. गल्लीतली सगळी माझ्या दारात आली. जिंकलेला कप परत गेला, नाव पुसलं गेलं, कुणी रडतंय, कुणी शिव्या देतंय. म्हणाले, त्या वाल्देमारनं बाहेरच्यांकडून पाकीट घेतलं आणि घोड्याला सुई मारली. मी आत गेले आणि डबा आणून दिला. झाकण घट्ट बसलेलं, ते चमच्यानं उघडून दिलं. आणि समोर जाऊन उभी राहिले.

वाल्देमार : माहितीये. खिडकी उघडी होती माझी. 'मोठं काढा रे, बसमधून वाचता आलं पाहिजे.'

झुल्मा : अगं आई गं.

वाल्देमार : येतं वाचता. बसवाला हल्ली इथे वेग कमी करतो.

झुल्मा : तू हे हसत कसं सांगतोस? शिवी दे मला. ती बादली ओत डोक्यावर.

वाल्देमार : महाग आहे टर्पेंटाइन.

झुल्मा : मी रंगाचं सांगायला आलेच नव्हते रे. त्याच्याहून वाईट आहे. बसू का जरा?

वाल्देमार : बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. ह्या पेटीवर बसा.

झुल्मा : काल रेडिओवर कुणी जनावरांचा डॉक्टर बोलत होता. रेमेन्दादोबद्दलच. म्हणाला, लघवीत कॅफिन सापडलं म्हणजे सुईच मारली असं नाही. खाण्यातूनही जातं. कॉफीतून जातं, कोकोतून जातं... आणि म्हणाला, येर्बातून. सकाळी ज्या येर्बाचा काढा आपण सगळे भोपळ्यातून ओढतो ना, त्यातून. माझ्या तोंडात नळी होती, वाल्दे. नळी तशीच तोंडात.

वाल्देमार : हं.

झुल्मा : हं काय? कळतंय का मी काय म्हणतेय? चोथा! रोज सकाळी भोपळ्यातला चोथा साखर घालून मी त्याला... तू काय दगड आहेस का? तो कप माझ्यामुळे गेला! तुझी नोकरी माझ्यामुळे गेली!

वाल्देमार : माहितीये.

झुल्मा : माहितीये म्हणजे? कधीपासून?

वाल्देमार : ट्रेनर एबेरसाहेबानं तपासणीचा निकाल आणून माझ्या तोंडावर फेकला. कॅफिन, असं वाचलं त्यात. तेव्हाच कळलं. घोड्याच्या तोंडात काय जातं ते मला नाही तर कुणाला माहीत असणार? दोर कुणाच्या हातात असायचा?

झुल्मा : मग बोलला का नाहीस? तुला हाकललं, सगळ्यांसमोर टोपी काढून घेतली, मी... मी भिंतीसमोर उभी राहून... बोलला का नाहीस तू?

वाल्देमार : दाखवतो. बघा हे.

फोन

(वाल्देमार खिशातून फोन काढून एक जुनी चित्रफीत लावतो.)

टीव्हीवाली : ...म्हणजे रोज इथेच थांबतो?

फोनमधली झुल्मा : रोज! तबेल्यातून मैदानाकडे निघाला, की वाटेत माझी खिडकी. सगळ्या खिडक्या सोडून माझीच! नाक आत घालतो. हे बघा, हे बघा, आलाच. ये माझ्या राजा.

टीव्हीवाली : काय देता त्याला? गाजर? साखर?

फोनमधली झुल्मा : काही नाही हो! शपथेवर सांगते. रिकामे हात. ट्रेनरची सक्त ताकीद आहे, कुणी काही भरवायचं नाही. तो नुसता थांबतो. मला बघायला.

झुल्मा : बंद कर.

वाल्देमार : त्याचे ओठ बघा. हिरवे कण दिसतात, येर्बाचे. तुम्ही शपथ घेताय आणि तो चावतोय. लाखभर लोकांनी पाहिलंय हे. कुणाला दिसलं नाही.

टीव्हीवाली : मग रेमेन्दादोशी तुमचं नातं काय म्हणायचं?

फोनमधली झुल्मा : आता काय सांगू... हे पोटावरचं पांढरं ठिगळ बघा. मालकाला नाव सुचेना तेव्हा मीच म्हटलं, ठिगळ्या म्हणा, रेमेन्दादो. आम्हीही सगळे ठिगळाचेच. पोटचं लेकरूसुद्धा एवढ्या नेमानं येत नाही हो. आईच समजा मला त्याची.

झुल्मा : वाल्दे, हात जोडते. बंद कर.

वाल्देमार : आता माझं आहे. थांबा.

टीव्हीवाली : आणि दादा, तुम्ही तर रोज बरोबर असता. खरंच काही देत नाहीत ह्या?

फोनमधला वाल्देमार : ...नाही. नुसता थांबतो.

टीव्हीवाली : ऐकलंत मंडळी? नुसता थांबतो!

वाल्देमार : झालं. केलं बंद.

झुल्मा : माझी लाज राखलीस तू तेव्हा.

वाल्देमार : तुमची कसली? माझंच मन होतं. पोरसवदा होतो तेव्हापासून घोडे फिरवतोय. चाऱ्याला थांबतात, घोडीला थांबतात, कागद उडाला तर बिचकून थांबतात. माणसासाठी थांबलेला एक नाही पाहिला. त्या दिवशी ती बाई माइक पुढे करून उभी, गल्ली जमलेली, मिर्ताच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, असू दे ना एखादा. मग काय, बोलून गेलो. आता हा निकाल आल्यावर कुठल्या तोंडानं म्हणू, की नाही, ती खायला घालायची?

झुल्मा : पण शर्यतीआधी तर जाळी असायची त्याच्या तोंडाला. दर वेळी असायची. म्हणून तर आधीच्या शर्यतींत काही निघालं नाही.

वाल्देमार : असायची.

झुल्मा : त्या दिवशीही होती.

वाल्देमार : होती. तुम्ही काय म्हणालात आठवतंय?

झुल्मा : नको.

वाल्देमार : 'आज बाळ येशूच्या तीन राजांचा दिवस. गल्लीतली पोरं राजांच्या उंटांसाठी रात्री गवत-पाणी ठेवतात, कधी न दिसणाऱ्या उंटांसाठी. आणि माझं दिसणारं लेकरू उपाशी जाणार?' आणि वाडगा पुढे केलात. चोथा नव्हता तो.

झुल्मा : सणाच्या दिवशी चोथा कसा घालायचा रे?

वाल्देमार : नवीकोरी येर्बा. वाडगाभर. वर साखर.

झुल्मा : पाकीट फोडलं होतं त्याच्यासाठी.

वाल्देमार : जाळीची गाठ मागे असते, कानाखाली. तुमचा हात पोचत नाही तिथे. ती मी सोडली. ह्या बोटांनी. म्हणून म्हणतो, भिंतीवर लिहिलंय ते अगदीच खोटं नाही. गोड बोलण्याला विकलो गेलो म्हणा.

झुल्मा : असं नको रे बोलू.

वाल्देमार : कसा आहे तो?

झुल्मा : ...चांगला आहे.

वाल्देमार : खातो?

झुल्मा : मी ठरवून आले होते सांगायचं, की तू गेल्यापासून तोंड लावत नाही कशाला. तुला बरं वाटेल म्हणून. रस्ताभर तेच घोकत आले.

वाल्देमार : आणि?

झुल्मा : खातो. नव्या माणसाच्या हातूनही खातो. अंगानं भरलाय जरा.

वाल्देमार : छान. ...छान झालं. खिडकीशी थांबतो?

झुल्मा : निकाल लागला त्या दिवसापासून मी काही ठेवलं नाही. पहिल्या दिवशी आला, नाक घातलं आत, माझी बोटं हुंगली, हाताचा तळवा चाटला. मी म्हटलं, बघ, रिकाम्या हातालाही आला. दुसऱ्या दिवशी नुसती मान वळवली. मग तीही नाही. आता टापा ऐकू आल्या की मी पडद्यामागे जाते. तो जात असतो. मला उगाच वाटतं, की मी समोर असले तर... म्हणून मागे जाते. म्हणजे म्हणता येतं, की दिसलेच नाही त्याला.

वाल्देमार : पाणी घ्या.

झुल्मा : नवरा गेल्यावर त्या खिडकीशी कोण थांबलं होतं रे दुसरं? गॅसवाला. तोही हॉर्न वाजवून निघून जातो.

वाल्देमार : घ्या पाणी.

झुल्मा : उद्या चौकशी ना?

वाल्देमार : उद्या. एबेर सांगणार, मी पैसे खाल्ले. मी काय सांगणार, ठरलेलं नाही. गप्प बसलो तर जन्मात कुठल्या तबेल्याचं दार उघडणार नाही. येतच नाही मला दुसरं काही.

झुल्मा : मी येते. सगळं सांगते.

वाल्देमार : कप परत मिळणार नाही सांगून. कॅफिन ते कॅफिन.

झुल्मा : कपाचं कोण बोलतंय?

वाल्देमार : गल्ली तुमच्याकडे बघणार नाही पुन्हा. तुमच्या खिडकीचे फोटो लावलेत लोकांनी घरात. मिर्तानं तर काउंटरवर.

झुल्मा : डब्यात रंग उरलाय अजून. माझ्या भिंतीला पुरेल.

वाल्देमार : घाबरलात?

झुल्मा : घाबरणार नाही तर काय? ...ऐक, जाळीचं मात्र मी सांगत नाही. म्हणेन, तू पाठमोरा होतास. म्हणेन, जाळी सैलच होती.

वाल्देमार : म्हणजे पुन्हा 'नुसता थांबतो' म्हणायचं का, दोन्या झुल्मा?

बाक

एबेर : अरे! शेजारीणबाई! तुम्ही इथे? चर्चला जायचा झगा घालून?

झुल्मा : नमस्कार, एबेरसाहेब.

एबेर : सरका थोडं. आतल्या मंडळींना वेळ लागतोय. घोड्याच्या बाजूनं बोलायला आलात? गल्लीचं प्रेम वगैरे? बोला, बोला. थोडक्यात बोला. जेवणाची वेळ होत आली की कोणी ऐकत नाही तिथे.

झुल्मा : वाल्देमारच्या बाजूनं आलेय.

एबेर : दया येते तुम्हाला. मलाही येते. चांगला होता हाताला.

झुल्मा : येर्बा मी घातली घोड्याला. सहा तारखेला सकाळी. वाडगाभर. आणि त्याच्या आधी रोज, चोथा.

एबेर : हळू बोला.

झुल्मा : सुई नव्हतीच कुठली.

एबेर : हळू म्हटलं ना, बाई! ...कुणाकुणाला सांगितलंत हे?

झुल्मा : वाल्देला. आणि आता तुम्हाला.

एबेर : मग इथेच राहू दे. ऐका माझं. मी ट्रेनर आहे त्या घोड्याचा. माझ्या ताब्यातला घोडा रोज कुणाच्या खिडकीत तोंड घालून खातो आणि मला पत्ता नाही? हे आत बोललात की लायसन माझं जातं. वाल्देमार बदमाश निघाला, तर मी फसवला गेलेला माणूस. खिडकीत चरत होता, तर मी गाढव. कळतोय फरक?

झुल्मा : कळतोय.

एबेर : मी गेलो की तबेला बंद. रेमेन्दादोचा मालक त्याला ब्राझीलला पाठवेल, नाहीतर कुठे. तुमच्या गल्लीत पुन्हा टाप वाजायची नाही. वाल्देमारला बायको ना पोर. गाईगुरं सांभाळेल कुठेतरी आत, गावाकडे. हवा चांगली असते तिकडे.

झुल्मा : त्याला गाई आवडत नाहीत.

एबेर : गाईंनाही तो आवडायची गरज नाही. काम होतं. ...बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण नवा माणूस सांगत होता मला. म्हणाला, कोपऱ्यावरच्या बाई हल्ली पडद्याआड उभ्या असतात.

झुल्मा : दिसते मी?

एबेर : पडदा पातळ आहे तुमचा.

झुल्मा : बदलायला हवा.

एबेर : बदलू नका. उलट उघडा ठेवा. त्या माणसाला मी सांगून ठेवतो. तुमच्या खिडकीशी आलं की दोर आखडायचा. घोडा थांबेल. रोज थांबेल. पुढच्या महिन्यात परत धावायला लागला की टीव्हीवाले येतीलच. रस्ता गच्च भरेल.

झुल्मा : आणि माझ्या हातात काय?

एबेर : काही नाही. ह्या वेळी खरंच काही नाही. खोटं बोलायलाही नको तुम्हाला.

झुल्मा : माझ्याकडे बघेल तो?

एबेर : घोड्याचे डोळे दोन बाजूंना असतात. कुठूनही बघा, तुमच्याकडेच बघतोय असं वाटतं.

झुल्मा : हे बरं आहे त्यांचं.

एबेर : मग? जाऊ या घरी? गाडी आहे माझी. सोडतो.

झुल्मा : एक विचारू, एबेरसाहेब? तुम्हाला कधी वाटलं होतं? म्हणजे... की तो तुमच्यासाठी पळतोय?

एबेर : मला? माझा धंदा आहे हा.

झुल्मा : तरी.

एबेर : ...सहा तारखेला, जिंकल्यावर. मानेला मिठी मारली मी त्याच्या. तीस वर्षांत मारली नव्हती कुणाला. फोटो आलाय पेपरात. कापून ठेवला होता.

झुल्मा : पाहिला मी. छान आलाय.

एबेर : नीट बघा एकदा. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतोय. तिकडे पाण्याची बादली होती.

झुल्मा : ...उन्हाळ्याचे दिवस. तहान लागली असेल.

एबेर : असेल ना. ...जाऊ या?

झुल्मा : दोर आखडला की दुखतं का हो त्याला? तोंडाला?

एबेर : फार नाही.

झुल्मा : वाल्दे कधी आखडायचा नाही. सैल सोडून उभा राहायचा, सिगरेट चोळत. पेटवायचा नाही घोड्याजवळ, नुसती बोटांत फिरवायचा. आम्ही दोघं त्याचं खाणं बघत बसायचो.

एबेर : बाई, दार उघडलं बघा. शेवटचं विचारतो.

झुल्मा : तुमच्या गाडीत वाल्देला जागा आहे?

एबेर : नाही.

झुल्मा : मग आम्ही बसनं जाऊ. बसमधून त्याची भिंत दिसते.

दार

कारकून : कोण बोलणार आहे ते पुढे या. बसा, बाई. पाणी?

झुल्मा : नको.

कारकून : नाव?

झुल्मा : झुल्मा तेचेरा.

कारकून : जरा मोठ्यानं.

झुल्मा : झुल्मा तेचेरा. शिवणकाम करते. शाळेचे गणवेश.

कारकून : कोपऱ्यावरच्या खिडकीतल्या त्या तुम्हीच का हो? आमच्या घरी सगळ्यांना फार आवडता तुम्ही. धाकटी तर...

झुल्मा : विचारा तुम्ही पुढचं.

कारकून : हो, हो. विचारावं लागतं, राग मानू नका. रेमेन्दादो ह्या घोड्याशी तुमचं नातं? मालक, भागीदार, नोकर... तुमचं काय म्हणायचं? मला वाटतं मी 'चाहती' लिहितो.

झुल्मा : वाल्दे, उभा का तू? बस ना. माझ्या शेजारी बस.

कारकून : बाई, काय लिहू?

झुल्मा : लिहा, मी खायला घालायची, म्हणून तो थांबायचा.